जुना लॅपटॉप, नवा हॉटस्पॉट

पालघर जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या हाती येणारा पहिला लॅपटॉप बहुधा आधी कुणीतरी वापरून सोडलेला असतो. मुंबईतल्या एखाद्या कंपनीने काढून टाकलेला डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा प्रोबुक नाहीतर लेनोवोचा थिंकपॅड लॅमिंग्टन रोडच्या दुकानात झाडूनपुसून मांडला जातो आणि तिथून ग्रँट रोड स्टेशनमार्गे उत्तरेला निघतो. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. पुढे तलासरीला, उधव्याला किंवा आतल्या पाड्यावर जायचं तर एसटी किंवा रिक्षा. घरी पोचल्यावर त्याची गाठ पडते ती खिशातल्या मोबाइलशी, कारण या भागात वाय-फाय म्हणजे बहुतेक घरांत फोनचा हॉटस्पॉटच. लॅपटॉप दहा-बारा वर्षांपूर्वीचा आणि फोन गेल्या वर्षीचा. अर्ध्या तक्रारी या वयाच्या फरकातून येतात.

तक्रार एकच असते, ‘वाय-फाय पकडत नाही’. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची मुदत जवळ आली की ती जास्त ऐकू येते. आणि आसपासच्या जाणत्याचा उपायही ठरलेला असतो, ‘फॉरमॅट मार’. याच्याइतका लोकप्रिय आणि याच्याइतका वाईट सल्ला दुसरा नसेल. विंडोज ७ च्या डीव्हीडीत नंतर आलेल्या कितीतरी वाय-फाय कार्डांचे ड्रायव्हर नसतात. त्यामुळे फॉरमॅट केल्यावर आधी अडखळणारं वाय-फाय आता दिसेनासंच होतं, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, नेटला ड्रायव्हर हवा, अशा पेचात माणूस सापडतो. आधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधावं. लॅपटॉपचा रेडिओ बंद आहे, कार्ड गायब आहे, कार्ड आणि फोन एकमेकांना ऐकू शकत नाहीत, की जोडणी नीट झाली आहे पण तिच्यापलीकडे काहीतरी अडलं आहे? चारही वेळा माणूस ‘पकडत नाही’ असंच म्हणतो.

सर्वांत आधी खटका बघायचा. २००३ च्या मार्चमध्ये इंटेलने सेंट्रिनो बाजारात आणलं आणि लॅपटॉपच्या पोटातच वाय-फाय असण्याची रीत पडली. त्याआधी बाजूच्या खाचेत वेगळं कार्ड खुपसावं लागे. पोटातला रेडिओ विमानात बंद करावा लागायचा, बॅटरीही खायचा, म्हणून कंपन्यांनी त्याला स्वतंत्र खटका दिला. त्या दशकातल्या ऑफिसी लॅपटॉपांवर तो हमखास सापडतो, आणि त्याची जागा अशी असते की लॅपटॉप पिशवीतून काढता-ठेवता तो सहज सरकावा. थिंकपॅडच्या टी६० सारख्या मॉडेलांत तो पुढच्या कडेला, झाकणाच्या ओठाखाली असतो. डेलच्या लॅटिट्यूडमध्ये बाजूच्या कडेला एक चिमुकली सरकपट्टी असते. एसरच्या अनेक मॉडेलांत पुढच्या काठावर बटण असतं. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत कीबोर्डच्या वरच्या पट्टीत अँटेनाच्या चित्राचा दिवा असतो, तो निळा असेल तर रेडिओ चालू, नारिंगी असेल तर बंद. नारिंगी दिवा बघून ‘लाइट लागलाय म्हणजे चालूच आहे’ असं समजणारे पुष्कळ. नंतरच्या मॉडेलांत खटका गेला आणि एफएनच्या जोडीला वरच्या रांगेतली एक कळ आली. डेलच्या इन्स्पायरॉनमध्ये आणि असुसमध्ये बहुधा एफ२, थिंकपॅडमध्ये एफ५, तोशिबात एफ८, एचपीत एफ१२. पाठ करण्यापेक्षा कोणत्या कळीवर अँटेनाचं किंवा विमानाचं चित्र आहे ते बघावं.

रेडिओ दोन ठिकाणांहून बंद होतो. एक हा हाताचा खटका आणि दुसरी विंडोजमधली आज्ञा. दोन्हींकडून होकार आल्याशिवाय तो उठत नाही. विंडोज ७ मध्ये विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबलं की मोबिलिटी सेंटर उघडतं, तिथे वायरलेस चालू करण्याचं बटण मिळतं. विंडोज १० मध्ये कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर टिचकी मारून विमान मोड बंद आहे ना, ते पाहायचं. खटका सरकवूनही विंडोज ‘रेडिओ बंद’ म्हणत असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर आणि निघत असेल तर बॅटरीही काढावी, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरावं आणि पुन्हा सुरू करावा. झोपेतून उठल्यावर हरवलेलं कार्ड कधीकधी एवढ्यावर परत येतं. फॉरमॅटचा आणखी एक तोटा इथे दिसतो. एफएनच्या कळीमागे कंपनीचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, फॉरमॅटमध्ये तो पुसला जातो, आणि मग कळ दाबा नाहीतर बडवा, रेडिओ जागचा हलत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा हॉटकी प्रोग्रॅम टाकला की कळ पुन्हा चालू लागते.

खटकाच मोडला असेल तर? त्या काळातली वाय-फाय कार्डं मिनी पीसीआय एक्सप्रेस जातीची होती. लॅपटॉपच्या पाठीचं झाकण उघडलं की बहुतेक वेळा ते हिरवं, काडेपेटीहूनही लहान कार्ड दिसतं. त्याच्या सोनेरी पिनांपैकी २० क्रमांकाची पिन फक्त ‘रेडिओ बंद कर’ हा निरोप आणते. दुरुस्तीवाले त्या एका पिनेवर बारीक चिकटपट्टी लावतात. निरोपच पोचत नाही, त्यामुळे कार्ड कायम चालू राहतं. हात स्थिर असेल तर काम पाच मिनिटांचं, पण शेजारची पिन झाकली गेली तर कार्ड दिसणंच बंद होईल, तेव्हा घाई नको.

खटका ठीक असेल तर कार्डाकडे वळायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॅप्टरची यादी असते. वायरलेस कार्डाच्या नावावर खाली तोंड केलेला छोटा बाण दिसला तर ते कुणीतरी बंद केलं आहे, उजवी टिचकी मारून एनेबल करायचं. पिवळं उद्गारचिन्ह म्हणजे ड्रायव्हर नाही किंवा चुकीचा आहे. यावर हुकमी उपाय म्हणजे यूएसबी टेदरिंग. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, की फोनचं नेट तारेतून लॅपटॉपला मिळतं. अँड्रॉइड फोन असेल तर विंडोज ७ आणि त्यानंतरच्या विंडोजला त्यासाठी सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. केबल मात्र डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. अर्जाची मुदत त्याच रात्री संपत असेल तर वाय-फायचा नाद सोडून सरळ केबल लावावी, दुरुस्ती उद्या करता येते.

यादीत वायरलेस नावाचं काहीच नसेल तर कार्ड सैल झालं आहे किंवा मेलं आहे. बोर्डी, घोलवड, डहाणू, चिंचणी या किनारपट्टीच्या गावांत खारी, दमट हवा उघड्या धातूला सोडत नाही, आणि लॅपटॉपच्या सांध्यांवरही हळूहळू थर धरतो. कार्ड काढून त्याच्या सोनेरी पिनांवरून पेन्सिलीचा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, भुगा फुंकून टाकायचा आणि कार्ड पुन्हा बसवायचं. याने उठलेली कार्डं थोडीथोडकी नाहीत. कार्ड बदलायचंच ठरवलं तर एक मेख लक्षात ठेवावी. जुन्या लेनोवो आणि एचपीच्या कित्येक लॅपटॉपांत बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड बसवलं की थिंकपॅड १८०२ क्रमांकाची चूक दाखवून सुरूच होत नाही. लॅपटॉप तुम्ही विकत घेतलेला, कार्ड तुमच्या पैशाचं, पण परवानगी कंपनीची. ही अरेरावी ग्राहकांनी इतकी वर्षं निमूट सोसली याचं नवल वाटतं.

कार्डाला दोन बारीक तारा जोडलेल्या असतात, एक काळी, एक पांढरी. त्या बिजागरीतून वर चढून पडद्याच्या कडेने जातात, कारण अँटेना पडद्याच्या चौकटीत असतात. म्हणून ज्या लॅपटॉपची बिजागरी तुटली होती आणि जोडून घेतली आहे, त्याला फोन मांडीवर ठेवला तर वाय-फाय मिळतं आणि चार पावलांवर गेलं की सुटतं. तार आत चिरडलेली असते. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावच्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेतले हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले होते. त्यांच्या अँटेना सशाच्या कानांसारख्या बाहेर काढलेल्या होत्या. त्या वर केल्या की रेडिओला मोकळी हवा मिळे, खाली दुमडल्या की त्या यूएसबीची छिद्रं झाकत. मोठ्या कंपन्यांना अँटेना दिसणं अवलक्षणी वाटलं असावं. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र एक्सओचीच रचना शहाणपणाची होती.

आता या सगळ्यातला कळीचा मुद्दा. खटका चालू, कार्ड शाबूत, ड्रायव्हर ठीक, शेजाऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट यादीत दिसतो आणि आपल्या नव्याकोऱ्या फोनचा दिसत नाही. अशा वेळी दोष लॅपटॉपला दिला जातो, आणि तो बिचारा निर्दोष असतो.

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. भारतात २.४ चा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवान्यातून मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग सर्वांसाठी खुला व्हायला २०१८ उजाडलं. दरम्यान विकले गेलेले स्वस्त आणि मध्यम किमतीचे लाखो लॅपटॉप फक्त २.४ वर बोलणारी कार्डं घेऊन आले. नवा फोन मात्र वेग आणि कमी गर्दी बघून हॉटस्पॉट ५ वर उघडू शकतो. लॅपटॉपच्या कार्डाला तो पट्टा ऐकूच येत नाही, म्हणून हॉटस्पॉट त्याच्या यादीत येत नाही.

आपलं कार्ड कोणत्या जातीचं ते त्याच्या नावातल्या अक्षरांवरून ओळखता येतं. डिव्हाइस मॅनेजरमधल्या नावात बीजी किंवा बीजीएन अशी अक्षरं असतील तर ते फक्त २.४ वर चालतं. अक्षरांत ए असेल, म्हणजे एबीजी किंवा एजीएन, तर त्याला ५ ही कळतं. इंटेलचं वायरलेस-एन १००० हे बीजीएन, तर अ‍ॅडव्हान्स्ड-एन ६२०५ हे एजीएन. एथेरॉसचं एआर९२८५ आणि ब्रॉडकॉमचं ४३१३ ही त्या काळी घरोघरी पोचलेली कार्डं, दोन्ही फक्त २.४ ची. नावात ड्युअल बँड किंवा एसी असेल तर काळजी नाही.

उपाय फोनमध्ये आहे. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड किंवा एपी बँड नावाची ओळ असते, तिथे २.४ गिगाहर्ट्झ निवडायचं. आयफोन १२ पासून पुढच्या फोनांत पर्सनल हॉटस्पॉटच्या पानावर ‘मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ हे बटण चालू करायचं. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये सुरक्षेचीही ओळ असते. ती डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीए२ वर आणावी. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, विंडोज ७ ला ते कळतच नाही. हॉटस्पॉट दिसतो, पासवर्ड बरोबर असतो, तरी लॅपटॉप आत शिरत नाही, याचं कारण बहुधा हेच. कुणाकडे अजून विंडोज एक्सपी असेल तर त्याला सर्व्हिस पॅक ३ शिवाय डब्ल्यूपीए२ चीही मारामार, पण एक्सपीवर आज इंटरनेट वापरू नये हेच बरं. पासवर्ड काढून हॉटस्पॉट उघडा ठेवण्याचा उपाय मात्र कुणी सुचवला तरी करू नये. बसस्टँडवर बसलेला कुणीही तुमचा दीड जीबी संपवेल.

राउटर असलेल्या घरात एक विरळा प्रकार घडतो. २.४ च्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेत १ ते ११. अमेरिकी बाजारासाठी बनलेला लॅपटॉप, म्हणजे परदेशातल्या नातेवाइकाने धाडलेला वगैरे, १२ आणि १३ कडे ढुंकूनही पाहत नाही. राउटरने आपोआप १३ निवडलं की लॅपटॉपपुरतं घरातलं वाय-फाय नाहीसं होतं. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ असं कायम करून टाकावं.

२.४ आणि ५ या पट्ट्यांतला फरक डहाणूत नुसता पुस्तकी नाही. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ ची सहाच्या आसपास. लहर जितकी आखूड तितकी भिंतीत आणि पानांत लवकर विरते. पानात पाणी असतं आणि ते या लहरी शोषून घेतं. इथल्या वाड्यांतला चिकू बारमाही हिरवा, त्यामुळे तिथे उन्हाळ्यातही हा पडदा हटत नाही. ओट्यावरचा हॉटस्पॉट वाडीतल्या खोलीपर्यंत न्यायचा तर २.४ च बरा. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या कोरड्या भिंतीतून तो आरामात पार होतो, स्लॅबच्या लोखंडी सळ्यांत अडखळतो, आणि पत्र्यातून तर जातच नाही, आपटून मागे फिरतो.

याच पालघर जिल्ह्यात याहून लांब लहरींचा एक मोठा प्रयोग होऊन गेला. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर तालुक्यातल्या खामलोली आणि आजूबाजूच्या गावांत टीव्हीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या रिकाम्या वाहिन्यांवरून इंटरनेट नेऊन दाखवलं. पुढे हे जाळं २५ गावांपर्यंत गेलं, आणि ‘ग्राममार्ग’ या नावाच्या या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. त्या पट्ट्यातली लहर अर्धा मीटरहून लांब, झाडांना आणि चढ-उतारांना ती तितकी बधत नाही. पण गावात पोचल्यावर शेवटचा टप्पा त्यांनाही वाय-फायवरच द्यावा लागला, कारण फोनला आणि लॅपटॉपला टीव्हीचा पट्टा कळत नाही.

तलासरीचं आणखी एक त्रांगडं आहे. अच्छाड नाक्यापलीकडे गुजरात सुरू होतो आणि पूर्वेला दादरा-नगर हवेली. सीमेजवळ फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी गुजरातचा. देशांतर्गत रोमिंगला हल्ली पैसे पडत नसले तरी डेटा रोमिंग फोनमध्ये बंद असेल तर पलीकडचा टॉवर धरताच नेट थांबतं. लॅपटॉपवर वाय-फायच्या दांड्या पूर्ण दिसत असतात आणि पान मात्र उघडत नाही. त्या दांड्या लॅपटॉप ते फोन एवढ्याच अंतराच्या आहेत, फोन ते टॉवर या टप्प्याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. अशा वेळी लॅपटॉपला हात लावण्याआधी फोनवरच एखादं पान उघडून बघावं. तिथेही अडत असेल तर डेटा रोमिंग चालू करावं, किंवा नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून आपला टॉवर हाताने निवडावा. पत्र्याच्या घरात फोन दाराशी किंवा खिडकीत ठेवावा आणि लॅपटॉप आत घ्यावा.

फोनवर पान उघडतं, लॅपटॉप जोडलेला दिसतो, तरी चिन्हावर पिवळा त्रिकोण आहे. जोडणीच्या तपशिलात आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर फोनने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. हॉटस्पॉट बंद-चालू करून, लॅपटॉपला ते नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडावं. पत्ता ठीक असून फक्त सुरक्षित पानं उघडत नसतील आणि ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा इशारा येत असेल, तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघावी. जुन्या लॅपटॉपात सीआर२०३२ नावाची बटणाएवढी बॅटरी घड्याळ चालवते. ती संपली की लॅपटॉप कित्येक वर्षं मागच्या तारखेत जागा होतो. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, लॅपटॉपच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. तारीख दुरुस्त केली की नेट चालतं. बॅटरी मिळते कोणत्याही घड्याळाच्या दुकानात. काही लॅपटॉपांत ती वायरसह येते, तेव्हा जुनी काढून सोबत न्यावी.

तारीख बरोबर आहे तरी हाच इशारा येत असेल तर लॅपटॉपमधली मूळ प्रमाणपत्रं जुनी झाली आहेत. २०२१ च्या ३० सप्टेंबरला असंच एक जगभर वापरलं जाणारं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि अद्ययावत नसलेल्या असंख्य जुन्या यंत्रांवर एका दिवसात कितीतरी पानं उघडेनाशी झाली. विंडोज ७ चा आधार २०२० च्या जानेवारीत संपला, २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्याही त्यावर येत नाहीत. फायरफॉक्स आपली प्रमाणपत्रं स्वतःजवळ बाळगतो, म्हणून अशा लॅपटॉपवर तो क्रोमपेक्षा जास्त दिवस साथ देतो.

विंडोज १० वाल्यांनी एक सेटिंग आवर्जून करावं. हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करायचं. नाहीतर लॅपटॉप त्या हॉटस्पॉटला घरचं अमर्याद नेट समजतो, मागच्या मागे अपडेट उतरवत बसतो, आणि दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपतो. मग ‘वाय-फाय जोडलंय पण नेट अगदी हळू’ अशी पुढची तक्रार येते.

एवढं करूनही कार्ड निकामी ठरलं, किंवा २.४ वर गर्दीमुळे काम होईना, तर यूएसबीत बसणारं वाय-फाय डोंगल काही शे रुपयांत मिळतं आणि बायोसची यादी त्याच्या आड येत नाही. अगदी नखाएवढी डोंगलं बहुधा फक्त २.४ ची असतात, खोक्यावर ड्युअल बँड लिहिलेलं बघूनच घ्यावं. ड्रायव्हर कधी छोट्या सीडीवर येतो आणि नव्या लॅपटॉपांना सीडीची फट नसते, म्हणून दुकानातच तो पेनड्राइव्हवर उतरवून मागावा. सोबत मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेतली तर डोंगल खिडकीत, पत्र्यापासून आणि लॅपटॉपच्या धातूपासून लांब ठेवता येतं. पडद्यातल्या चिरडलेल्या अँटेनापेक्षा तिथे ते पुष्कळच बरं ऐकतं.